बाबांची टेप

४ फेब्रुवारी

चष्मेवाला आज ‘हो’ म्हणाला. बाबांची तबकडी निघणार.

हा चष्मेवाला म्हणजे जुनी, विसरलेली गाणी हुडकून त्यांच्या काळ्या तबकड्या काढणारा गावातला एकमेव शहाणा माणूस. बाकीचे कान विकून बसलेत. त्याच्या ऑफिसात मी टेप लावली. आधी तो हातातल्या पेनाशी चाळा करत होता. मग पेन खाली ठेवलं. मग चष्मा काढला. संपल्यावर म्हणाला, "कोण हो हा माणूस?" मी म्हटलं, "माझे वडील." एवढंच म्हटलं आणि टेप पुन्हा पहिल्यापासून लावली. शोभलं नाही, पण लावली.

ती टेप मला शाळेत असताना सापडली, पत्र्याच्या ट्रंकेत, अस्तराच्या कापडांखाली. बाबा त्याच्या कितीतरी आधी घर सोडून गेले होते, मी जेमतेम पाच-सहा वर्षांचा असताना. टेपरेकॉर्डर विकायचा त्यांचा धंदा. एक छोटं यंत्र मागे राहिलं होतं, ते आईनं भंगारात घातलं. "बिघडलेलं होतं रे, नुसतं घरघरायचं," म्हणे. टेप तेवढी वाचली. एका मित्राकडच्या मोठ्या यंत्रावर मी ती लावली आणि त्यातून एका पुरुषाचा आवाज आला. जड, संथ, खोल. शब्द एकही लागत नाही. खाली पायाचा ठेका, ठक्‌-ठक्‌, ठक्‌-ठक्‌. शेवटी एक छोटंसं घोगरं हसू. बस्स. त्या हसण्यासाठी मी जन्मभर ती टेप ऐकत आलोय.

उड्या मारत घरी आलो, तर ताई आलेली. डोळे सुजलेले. आईच्या घशाचा रिपोर्ट आला होता. गेले कित्येक महिने तिचा आवाज बसलाय, आम्ही समजत होतो सर्दीचं आहे. गाठ आहे आणि ती वाईट आहे. ऑपरेशन करून स्वरयंत्रच काढणार. जीव वाचेल, आवाज जाईल. कायमचा. आई खिडकीपाशी मशीनवर कुणाची तरी पॅन्ट आखूड करत बसली होती. म्हणाली, "रडू नकोस गं. नाहीतरी मी कुठं भाषणं देते?"

तबकडीची बातमी तोंडातच राहिली. माझ्या आयुष्यात एकदा काही चांगलं घडायचं, तर तेही नेमकं आजच.

८ फेब्रुवारी

तबकडीच्या आत घालायला चष्मेवाल्याला माझा लेख हवाय. रजा टाकून बसलोय. पाणीपुरवठ्याच्या तक्रार-खिडकीत माझ्यावाचून काही अडत नाही. नळाला पाणी तसंही येत नाही, मी असलो काय नि नसलो काय.

दोन खोल्यांचं घर. बाहेरच्या खोलीत आईची मशीन, आतल्या खोलीत माझ्या तबकड्या. मधलं दार फुगलंय, नीट लागत नाही. आई शिवते आणि गुणगुणते. तोंडात टाचण्या धरायची सवय, त्यामुळे शब्द फुटत नाही, नुसतं हंऽ हंऽ. त्यात आता घसा खरखरता. इकडे मी बाबांच्या आवाजातला एखादा बारीक वळसा पकडायला कान टवकारून बसलेला, आणि तिकडून हे. मी ओरडतो, "आई, आवाज नको!" लहानपणापासून या घरात मी दुसरं काही बोललोच नाही की काय, असं वाटावं इतक्यांदा हे वाक्य झालंय. गुणगुण थांबते, मशीन थांबते. मग बऱ्याच वेळानं परत सुरू. चोरून, हळू.

बायको सोडून गेली तेव्हा म्हणाली होती, "तुझ्या घरात मेलेल्या माणसांनाच बोलायची मुभा आहे." बाई बोलायला चांगली होती. गाणं मात्र तिला लग्नाच्या बँडपलीकडे कळलं नाही.

लेखाची सुरुवात झालीय: "लोक मला विचारतात, या जुन्या ब्लूजच्या, अमेरिकेतल्या काळ्या मजुरांच्या गाण्यांच्या, तबकड्यांमध्ये खरखरीशिवाय आहे काय? मी म्हणतो, खरखर आहे म्हणून तर ऐका. त्या खरखरीत एक आंधळा माणूस मोडक्या खुर्चीवर बसलाय. खुर्ची करकरतेय. गिटारीच्या तारेवर तो बाटलीची फुटकी मान घासतोय. मधेच बाहेर कोंबडा आरवतो आणि कुणी त्याला हाकलत नाही. ही गाणी मैफलीत जन्मली नाहीत. ती कामात जन्मली. फावडं मारताना, रूळ उचलताना, दुसऱ्याचे कपडे धुताना. पुढे लोकगीतांचे प्रयोग करणारे आले. कुणी करवतीवर व्हायोलिनचा गज फिरवला, कुणी करकरणारं दार गाण्यात घेतलं. शहाण्यांनी नाकं मुरडली. पण त्यांनी तेच केलं जे त्या आंधळ्यानं केलं होतं. खोलीतल्या कुठल्याच आवाजाला त्यांनी बाहेर काढलं नाही."

बरं जमलंय. स्वतःचीच पाठ थोपटावीशी वाटली.

१२ फेब्रुवारी

ताईशी भांडण.

तिचं म्हणणं, "तुझ्याकडे एवढी यंत्रं पडलीत, आईचा आवाज भरून ठेव. महिनाभरही राहिला नाही. नंतर रडत बसशील." मी म्हटलं, भरू की. ती म्हणाली, "भरू की नाही, आज भर." मी म्हटलं, आज लेख चाललाय. मग तबकडीचं सांगून टाकलं. वाटलं होतं तिला आनंद होईल. बापच ना तिचाही.

ती उठली होती ती परत खाली बसली. "बाबा? गाणार? अरे, त्यांना साधी शिट्टी वाजवता यायची नाही! शेजारची पोरं हसायची त्यांच्या शिट्टीला."

मी म्हटलं, "तुला काय ठाऊक?"

"मी दहा वर्षांची होते ठोंब्या, तू चड्डीत शी करत होतास." ठोंब्या हे माझं घरातलं नाव. ताई रागात वापरते. आई अजून रोज वापरते, गिऱ्हाइकांसमोरसुद्धा, माझे केस पिकले तरी. "आणि बाबा काही गाण्यामागे नाही गेले. दुसरीकडे घर केलं होतं त्यांनी. सगळ्या गल्लीला माहीत होतं."

हे असं असतं. माणूस कलावंत निघाला की घरच्यांना आधी त्याची लफडी आठवतात. मला विचाराल तर बाबा त्या मशीनला कंटाळून गेले. दिवसभर ती घरघर, घरभर चिंध्या, पायाखाली टाचण्या. ज्याच्या गळ्यात असलं दुःख आहे, तो माणूस त्यात घुसमटणार नाही तर काय? हे मी ताईला बोललो. बोलायला नको होतं, आई बाहेर होती. मशीन क्षणभर थांबली आणि परत चालू झाली.

ताई चप्पल घालता घालता म्हणाली, "कधीतरी आईला ऐकव की ती तुझी टेप."

ऐकवली होती एकदा, पुष्कळ वर्षांपूर्वी. आई म्हणाली, "अगंबाई, हा कोण रडतोय?" इतकी वर्षं संसार केला त्या माणसाबरोबर आणि आवाज ओळखला नाही. त्यानंतर मी तिच्यासमोर कधी लावली नाही. हेडफोन घालूनच ऐकतो.

१९ फेब्रुवारी

टेप साफ करून तबकडीसाठी तयार करायची म्हणून चष्मेवाल्यानं एका स्टुडिओत पाठवलं. बघतो तर यंत्रापुढे एक मुलगी. असेल पंचविशीची. मी तिला कानवाली म्हणतो, कारण तिला स्वतःच्या कानांचा फार गर्व आहे.

मी आधीच बजावलं, "खरखरीला हात लावायचा नाही." ती म्हणाली, "नाही लावत." टेप लावली, डोळे मिटून ऐकत बसली. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो, आता पाघळेल, मग पाघळेल. आणि बाईसाहेब म्हणतात काय, "काका, ही टेप हळू चालतेय."

मी म्हटलं, "म्हणजे?"

"यात दिव्याच्या विजेची एक बारीक गुणगुण आलीय, ऐका. विजेचा सूर ठरलेला असतो, घरोघरी तोच. तुमच्या टेपवर तो बराच खाली आहे. म्हणजे ज्या यंत्रावर हे भरलं, ते वेडंवाकडं, हवं त्यापेक्षा जोरात पळत होतं. स्वस्तातली छोटी यंत्रं पळायची तशी. आपलं यंत्र धड चालतंय म्हणून आवाज रेंगाळतोय. मूळ गाणं याहून पुष्कळ जलद असणार. आणि आवाजही एवढा जाड नसणार. वेग बरोबर करून दाखवू? दोन मिनिटांचं काम आहे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जन्मभर ऐकतोय मी हा आवाज. त्यातला एक एक श्वास मला पाठ आहे. आणि ही कालची पोर मला शिकवणार! मी म्हटलं, "बाई, हे गाणं आहे, विजेचं बिल नाही. दुःखाला मीटर लावायचा नसतो."

ती म्हणाली, "मी कुठं दुःखाबद्दल बोलतेय? मी वेगाबद्दल बोलतेय." मग टेप जराशी मागे नेऊन, "तो ठेका तुम्ही पायाचा म्हणता ना? मला लाकडाचा वाटत नाही. लोखंड आहे त्यात."

"आहे तशी तयार करा," मी म्हटलं आणि उठलो.

२१ फेब्रुवारी

कानवालीचा निरोप: "एकदा ऐकून तर बघा. नाही आवडलं तर फेकून द्या." उत्तर दिलं नाही. चष्मेवाल्याला फोन करून सांगितलं की त्या मुलीला आवरा. तो बिचारा म्हणाला, "तुम्ही म्हणाल तसं. घरची टेप तुमची, वडील तुमचे."

लेख पुढे सरकला. आजचा तुकडा: "या गाण्यात शब्द नाहीत. जगातल्या थोर ब्लूज गायकांनाही जे जमलं नाही ते या अनाम माणसानं साधलं. दुःख इतकं वाढलं की भाषा गळून पडली. मधूनमधून पायाचा ठेका थांबतो. तिथे हा माणूस श्वास घेत नाही, तिथे तो स्वतःला सावरतो. आणि शेवटी हसतो. सगळं हरलेल्या माणसाचं ते हसू आहे."

वाचताना माझ्याच अंगावर काटा आला.

२६ फेब्रुवारी

आईचा आवाज भरला एकदाचा. ताईच्या कटकटीतून सुटलो.

चांगला मायक्रोफोन लावला, खिडक्या बंद केल्या, पंखा बंद केला. आईला खुर्चीत बसवलं. ती अवघडून बसली, फोटो काढायला बसतात तशी, हात मांडीवर. म्हणाली, "काय बोलू?"

"काहीही बोल."

"काहीही म्हणजे काय?" खोकली. "मी मशीनवर बसू का? तिथं बसलं की आपोआप सुचतं काहीतरी."

मी म्हटलं, "छे, मशीनचा आवाज येईल त्यात. सगळं वाया जाईल."

"मग टाचण्या तरी घेऊ दे तोंडात. रिकाम्या तोंडानं मला बोलायला येत नाही." आणि हसली. मला हसू आलं नाही, कारण यंत्र चालू होतं आणि टेप फुकट जात होती. मी म्हटलं, "आई, नीट बस आणि बोल."

तर ती म्हणाली, जसंच्या तसं लिहितो: "झालं का सुरू? बरं. सगळे नीट राहा. ठोंब्या, वेळेवर जेव. ताई, तू फार बोलू नकोस. झालं का? बंद कर आता, उगाच वीज जळतेय."

एवढंच. परत विचारलं तर मान हलवली, घसा दुखतोय म्हणाली. आवाज मात्र स्वच्छ आलाय. मागे कसली कुजबुजसुद्धा नाही. कामाच्या दृष्टीनं उत्तम मुद्रण.

२ मार्च

उद्या ऑपरेशन. आज संध्याकाळी आईला दवाखान्यात नेलं.

दुपारभर ती मशीनवर होती. म्हटलं, आज तरी राहू दे. तर म्हणे, "गिऱ्हाइकांचे कपडे अर्धवट टाकून कसं जाऊ?" खरं तर गिऱ्हाइकाचं काही नव्हतं. माझाच जुना शर्ट, त्याची कॉलर उलटवत होती. आणि गुणगुणत होती. घसा पार गेलेला, तरी थांबेना. मी आत लेखाची शेवटची ओळ शोधत होतो. लेख आजच द्यायचा होता, छपाई थांबलेली. मी आतून म्हटलं, "आई, आवाज नको."

थांबली.

शेवटची ओळ सापडली: "हा आवाज मी जपला, म्हणून तो उरला." लेख पाठवून दिला.

३ मार्च

ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, सगळं काढलं, धोका टळला. गळ्याला भोक पाडलंय, त्यातून श्वास घेते. मला आत जाववेना. ताई गेली.

१४ मार्च

आई घरी आली. तोंड हलवते, हवा येते, आवाज नाही. काही हवं असलं की बोटात शिवणाचं लोखंडी अंगुस्तान घालून खाटेच्या दांडीवर वाजवते. टिक्‌-टिक्‌ म्हणजे पाणी. एकच जोरात म्हणजे इकडे ये. ही युक्ती तिचीच. मशीनवर बसायला डॉक्टरांनी अजून मनाई केलीय.

घर शांत झालंय. जन्मभर मागत होतो ती शांतता. म्हटलं, आता मनसोक्त ऐकू. आज करवतीवर गज फिरवणाऱ्या त्या बाईची तबकडी लावली. बरी वाटली नाही. बंद केली. दुसरी लावली, तीही बंद केली. काहीतरी कमी पडतंय. सुई झिजली असेल. नवी आणायला हवी.

२४ मार्च

चष्मेवाला पेढ्यासारखा गोड चेहरा करून आला. कव्हरं छापून झालीत. काळ्या पुठ्ठ्यावर पांढऱ्या अक्षरांत बाबांचं नाव. आत माझा लेख. तबकड्या पुढच्या आठवड्यात. एक-दोघांनी आधीच विचारलंय म्हणे, हा माणूस इतकी वर्षं होता कुठे? चष्मेवाला म्हणाला, "तुमच्या मातोश्रींना केवढा आनंद झाला असेल!"

आईनं कव्हर हातात घेतलं, उलटंसुलटं केलं. बाबांच्या नावावरून बोट फिरवलं. चेहऱ्यावरून काही कळलं नाही. मग माझ्या नावावर बोट ठेवून माझ्याकडे बघून हसली, आणि पुठ्ठ्याच्या कडेला गोंद सुटला होता तो नखानं दाबून बसवला.

चष्मेवाला जाताना टेप परत देऊन गेला. त्या पाकिटात आणखी एक छोटी टेप. कानवालीनं पाठवलेली. वर लिहिलंय: "काका, तुम्ही नको म्हणालात तरी केलं. राहवलं नाही. विजेच्या सुराशी जुळवलंय. तबकडीत तुमचंच गेलंय, काळजी नको."

आगाऊ कार्टी. खणात टाकून दिली.

२८ मार्च

खणातून काढली. कशासाठी? तिची खोड मोडायला. म्हटलं, ऐकतो, आणि चांगलं दोन पानी उत्तर लिहितो की बघ, तुझ्या गणितानं गाण्याचा कसा मुडदा पाडलास.

दुपारची वेळ. आई बाहेर झोपलेली. हेडफोन घातला.

आधी ठेका. जलद. ठकठकठकठक. तो पाय नव्हता. मला पहिल्या क्षणात कळलं. हा आवाज मी ओळखणार नाही तर कोण ओळखणार? याच्या नावानं मी जन्मभर बोटं मोडली. पायमशीन होती ती. आणि मधे मधे थांबत होती, कारण कापड वळवायला थांबावंच लागतं.

मग आवाज. बाईचा. तरणाताठा, ठसठशीत. तोंडात टाचण्या धरलेला. आता या वेगात शब्द लागतात, थोडे बोबडे, पण सगळे लागतात:

"हात वर, हात खाली, सरळ उभा राहा,
बाही झाली, कॉलर झाली, खिसा कुठाय पाहा.
खिशामध्ये कोण बसलंय? हलतंय बघा कसं!
खिशामध्ये ठोंब्या बसलाय, ठोंब्याला आलं हसं."

हेच पुन्हा पुन्हा. चाल बदलून, कधी मशीनच्या पुढे, कधी मागे, कधी मुद्दाम चुकवून. काय गाते ती! काय ताल! कुठल्या आंधळ्या गिटारवाल्याला जमलं असतं हे? करवतीवर गज फिरवणाऱ्या बाईनं हिच्या पायाशी बसावं. आणि शेवटी ते हसू. सगळं हरलेल्या माणसाचं हसू. पाच वर्षांचं पोर खिदळतंय, शर्टाचं माप देताना गुदगुल्या झाल्यासारखं. ते मी आहे.

परत लावलं. परत लावलं. मी काय लिहिलंय? "दुःख इतकं वाढलं की भाषा गळून पडली." छापून झालंय. टाचण्या होत्या तोंडात, मूर्खा! टाचण्या!

ताईला फोन केला. बोलता येईना. तिला वाटलं आई गेली. शेवटी फोनजवळच लावलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "हे तर आई रोज म्हणायची. शिवताना. परवापरवापर्यंत म्हणत होती की रे, घसा बसला तरी. तू ऐकलं नाहीस?"

फोन ठेवला.

दुसरं यंत्र काढलं. फेब्रुवारीतलं ते उत्तम मुद्रण. "बंद कर आता, उगाच वीज जळतेय." स्वच्छ. मागे कसली कुजबुजसुद्धा नाही. या दोन टेपांच्या मधलं सगळं गेलं. रोज होतं, दाराच्या पलीकडे, फुकट. घरात चार यंत्रं असताना मी त्यातलं एक गाणं भरलं नाही.

चष्मेवाल्याचा फोन येऊन गेला. उचलला नाही. तबकड्या निघाल्या असतील. बाबा आता थोर गायक होतील. माझ्या आईच्या गळ्यानं.

२९ मार्च

सकाळपासून धीर होईना. चार वाजता आईला उशांना टेकवून बसवलं. तिनं भुवया उंचावल्या, काय रे? मी म्हटलं, "तुला एक ऐकवायचंय." मोठा स्पीकर बाहेरच्या खोलीत आणला, मशीनशेजारी ठेवला. पहिल्यांदाच आला तो त्या खोलीत.

लावलं.

मशीन सुरू झाली तशी तिनं आधी खिडकीकडे पाहिलं, आपल्या मशीनकडे. ती तर झाकलेली. मग आवाज आला. आई हलली नाही. दुसऱ्या ओळीला तिचा हात गळ्याकडे गेला, पट्टीवर थांबला. मग तिचे ओठ हलायला लागले. बाही झाली, कॉलर झाली. ओठांचे कोपरे मिटलेले, मधूनच शब्द सोडायची, जशी टाचण्या सांभाळून बोलायची तशी. आवाज नव्हता. हवा नुसती. पांघरुणाखाली तिचा पाय हलत होता, वर-खाली, वर-खाली. तोंडावर काय होतं ते मला लिहिता येत नाही. तरुण दिसत होती, एवढं लिहितो.

मी तिच्याकडे बघत होतो आणि ऐकत होतो. ‘खिशामध्ये कोण बसलंय’ आलं, आता माझं नाव येणार. मी डोळे मिटले. कान स्पीकरला लावून बसलो. त्या एका शब्दासाठी. तो शब्द आता या जगात तेवढ्याच जागी उरलाय.

तेवढ्यात खाटेच्या दांडीवर अंगुस्तान वाजायला लागलं. टिक्‌टिक्‌ टिक्‌टिक्‌. पाणी नको होतं तिला. ठेका धरला होता, टेपमधल्या मशीनच्या बरोबर मधे मधे, अचूक, नवाच काहीतरी. गाता येत नव्हतं, म्हणून हातानं गात होती.

आणि माझ्या तोंडून गेलं. डोळे मिटलेलेच होते.

"आई, आवाज नको."

थांबली.

मी डोळे उघडले. तिनं अंगुस्तान बोटातून काढून उशीखाली ठेवलं होतं आणि दोन्ही हात मांडीवर घेऊन बसली होती, त्या दिवशी खुर्चीत बसली होती तशी. मी म्हटलं, "नाही नाही, आई, वाजव. वाजव ना." उशीखालून काढून तिच्या हातात दिलं. तिनं घेतलं. मान हलवली, समजुतीची, गिऱ्हाइकाला हलवते तशी. मग बोट करून दाखवलं, ते बंद कर.

टेपमधलं पोर हसत होतं. मी उठून बंद केलं.